मध्यस्थाने डोकं कुठे चालवायचं आणि कुठे गप्प बसायचं

भांडण मिटवायला बसलेल्या माणसाकडून लोकांची एक ठरलेली अपेक्षा असते, की हा आता काहीतरी भन्नाट तोडगा काढणार. दोघं आपापलं गाऱ्हाणं सांगतील, मध्यस्थ दोन मिनिटं छताकडे बघेल आणि असं काही बोलेल की दोघंही म्हणतील, अरेच्चा, हे आपल्याला का नाही सुचलं! होतं असं कधीकधी, नाही असं नाही. पण मला विचाराल तर मध्यस्थाला सुचलेली झकास आयडिया ही त्या खोलीतली सगळ्यात धोकादायक गोष्ट असते, का ते पुढे सांगतेच. मध्यस्थीत कल्पकता लागते आणि भरपूर लागते, पण ती खर्च करायची प्रश्न कसा विचारायचा, कोणाशी आधी बोलायचं, बसवायचं कुठे, कागदावर शब्द कुठला लिहायचा यावर. उत्तर त्यांचं त्यांना काढू द्यायचं.

हे सगळं मी कोर्टातल्या मोठ्या मॅटरसाठी लिहीत नाहीये. ऑफिसमधल्या दोन टीम, धंद्यातले पार्टनर, वाटणीवरून बोलणं बंद झालेली भावंडं, वरच्या मजल्याच्या आवाजाने वैतागलेला खालचा शेजारी, यांच्यामध्ये ज्याला नाईलाजाने बसावं लागतं त्याच्यासाठी आहे.

पहिलं काम म्हणजे बसायच्या आधी दोघांना वेगवेगळं भेटा. यात कंटाळा करू नका, निम्मं काम इथेच होतं. दोघांना सारखाच वेळ द्या, अगदी घड्याळ लावून, कारण दुसऱ्याशी तुम्ही किती वेळ बोललात याची खबर पहिल्याला लागतेच. आणि तिथेच सांगून टाका की तुम्ही मला इथे जे सांगाल ते तुमच्या परवानगीशिवाय पलीकडे जाणार नाही, आणि मी निवाडा देणार नाही. हे दुसरं वाक्य लोक ऐकतात पण मानत नाहीत, दहा मिनिटांनी परत "तुम्हीच सांगा आता, चूक कोणाची" सुरू होतंच. तेव्हा न चिडता परत सांगायचं. अजून एक गोष्ट इथेच बघून घ्या, ज्याच्याशी बोलताय त्याच्या हातात निर्णय आहे का. तीन तास घासाघीस करून "घरी विचारून सांगतो" ऐकायला मिळालं की सगळं मुसळ केरात. निर्णय घेणारा खोलीत हवा, नाहीतर निदान फोनवर तरी हवा.

बसायची जागा ही फालतू बाब वाटते, पण व्हिएतनाम युद्ध थांबवायला पॅरिसमध्ये जी बोलणी झाली ना, तिथे 1968 च्या शेवटी आणि 1969 च्या सुरुवातीला कित्येक आठवडे नुसत्या टेबलाच्या आकारावर गेले होते. लोकांनी तेव्हा खूप टिंगल केली, पण खरा प्रश्न टेबलाचा नव्हताच, प्रश्न होता की बोलणारे पक्ष दोन मानायचे का चार. दक्षिण व्हिएतनामच्या सरकारला तिथल्या बंडखोर आघाडीला बरोबरीचा पक्ष मानायचंच नव्हतं आणि उत्तर व्हिएतनामला तेच हवं होतं. शेवटी काय केलं, तर मध्ये एक गोल टेबल ठेवलं, दोन बाजूंना दोन छोटी चौकोनी टेबलं, आणि झेंडे नाहीत, नावाच्या पाट्या नाहीत. ज्याला दोन बाजू बघायच्यात त्याने दोन बघा, ज्याला चार बघायच्यात त्याने चार बघा. म्हणून कोणी खुर्चीवरून, मीटिंग कोणाच्या केबिनमध्ये यावरून अडून बसलं तर लगेच हट्टी म्हणून मोकळे होऊ नका, त्या खुर्चीमागे काय आहे ते बघा, बऱ्याचदा सगळं भांडणच तिथे छोट्या रूपात बसलेलं असतं.

आता मुख्य गोष्ट. माणूस जे मागतो आणि त्याला जे हवं असतं ते एकच असेल असं धरून चालू नका. मेरी पार्कर फॉलेट म्हणून एक अमेरिकन बाई होत्या, संघर्ष कसा हाताळावा यावर त्यांनी फार आधी लिहून ठेवलंय, 1925 साली त्यांनी स्वतःचा एक साधा प्रसंग सांगितला. लायब्ररीतल्या छोट्या खोलीत एकाला खिडकी उघडी हवी होती, यांना बंद हवी होती. त्यांनी शेजारच्या रिकाम्या खोलीतली खिडकी उघडली आणि विषय संपला, कारण त्या माणसाला हवा पाहिजे होती आणि बाईंना अंगावर थेट येणारं उत्तरेचं वारं नको होतं. आता इथे आपल्यासारख्या सुवर्णमध्यवाल्यांनी काय केलं असतं? खिडकी अर्धी उघडी. म्हणजे त्याला पुरेशी हवा नाही आणि हिला वारं लागतंच, आणि वर दोघांनी आपले आभार मानायचे! तडजोड वाईट असं नाही, पैसा सोडून मध्ये काहीच नसेल तर अर्धं-अर्धं करावंच लागतं, पण लोक पहिल्या पाच मिनिटांत अर्ध्यावर येतात तो आळस असतो.

मग खरं काय हवंय हे काढायचं कसं? "का?" असं सरळ विचारू नका. "तुम्हाला हे का हवंय" म्हटलं की माणसाला वाटतं आपली उलटतपासणी चाललीये, तो वकिली सुरू करतो, जास्तच घट्ट धरून बसतो. त्यापेक्षा त्याला एक पाऊल पुढे न्या.

समजा दोघांचा फोटो स्टुडिओ आहे, एक तो आणि एक ती, भागीदारी मोडतेय. कॅमेरे, लाइट, कॉम्प्युटर सगळं वाटून झालंय, गाडी अडलीये स्टुडिओच्या नावावर. दोघांनाही नाव हवं, आणि नावाचे काय दोन तुकडे करता येत नाहीत. दोघंही एकच ऐकवतात, "नाव मी मोठं केलं." इथे नावाची किंमत काढून एकाने दुसऱ्याला पैसे द्यावेत ही आयडिया कोणालाही सुचेल, ती लगेच टाकू नका. वेगवेगळं बसवा आणि दोघांना एकच प्रश्न विचारा, "समजा उद्या सकाळी नाव तुमच्या ताब्यात आलं, तर पहिला फोन कोणाला कराल?"

तो म्हणतो, "जुन्या क्लायंटना. सांगेन की मी अजून आहे, कामं बंद नाही झाली."

ती जरा वेळ गप्प बसते. मग म्हणते, "मी कोणालाच नाही करणार. मला वापरायचं पण नाहीये ते नाव."

"मग?"

"त्याने वापरू नये एवढंच. कर्जाच्या कागदावर माझी सही आहे, ऑर्डर घेताना सगळीकडे माझा नंबर गेलाय. उद्या याने कोणाचं काम बिघडवलं की शिव्या खायला मी."

बघा, तासभर नाव-नाव चाललं होतं आणि नाव दोघांनाही नको होतं. त्याला हवेत जुने क्लायंट, तिला हवी सुटका. आता इथून दहा रस्ते फुटतात. नाव त्याच्याकडे, पण आधी कर्जातून तिचं नाव निघायला हवं. नंबर बदलायचा. क्लायंटना दोघांच्या सहीने एकच मेसेज जाईल की अमुक तारखेनंतरच्या कामाशी तिचा संबंध नाही. आणि ती इतकी वर्षं तिथे राबलीये त्याचं काय, तर जुने फोटो स्वतःचं काम म्हणून दाखवायचा हक्क तिच्याकडे. यातलं तुम्ही काही सुचवायची गरज नाही, ते दोघं धंदा ओळखतात, तुमच्यापेक्षा जास्त ओळखतात, फक्त प्रश्न बदलला की त्यांना दिसायला लागतं. तिने हे तुम्हाला एकटीने सांगितलंय हे मात्र विसरू नका, "हे मी त्याला सांगू का, का तुम्ही सांगाल?" हे विचारल्याशिवाय बाहेर पडायचं नाही.

असे अजून दोन-तीन प्रश्न खिशात ठेवा. "हे नाही मिळालं तर नेमकं काय बिघडेल?" "समोरच्याला काय वाटत असेल की तुम्हाला काय हवंय?" आणि सगळ्यात साधा, "अजून काही?" हा शेवटचा तर परत परत विचारायचा, लोक खरी गोष्ट तिसऱ्या "अजून काही"ला सांगतात, आधीची दोन उत्तरं पाठ केलेली असतात.

ऑप्शन काढायची वेळ आली की एक नियम मोठ्याने सांगा, आत्ता फक्त सुचवायचं, ठरवायचं नंतर. ब्रेनस्टॉर्मिंग हा प्रकार ॲलेक्स ऑसबर्न नावाच्या जाहिरातवाल्याने रूढ केला, त्यात टीका मागे ठेवायची हाच मुख्य नियम होता, पण ऑफिसच्या मीटिंगमध्ये तो नियम पाळला नाही तर फार तर एक आयडिया मरते, भांडणात मात्र माणूस तोंडच उघडत नाही, कारण त्याला भीती असते की मी सहज काही बोललो तर समोरचा ते धरून बसेल. म्हणून व्हाइटबोर्डवर वरतीच लिहा: इथे लिहिलं म्हणजे मान्य केलं असं नाही. आणि कोणी काय सुचवलं ते लिहू नका, नुसती यादी. सुरुवातीला कोणी बोलत नसेल तर तुम्हीच एक साफ वेडगळ ऑप्शन टाका, सगळं विकून पैसे दान करा असलं काहीतरी. दोघं हसले किंवा दोघं मिळून तुमच्यावर वैतागले तरी फायदाच, बऱ्याच दिवसांनी दोघांचं एका गोष्टीवर एकमत झालेलं असतं.

यादी दोन-तीन ऑप्शनवर अडकली तर वस्तू सोडा आणि वाटायचं काय ते बदला. वेळ वाटता येतो का बघा. स्पेन आणि फ्रान्सच्या सीमेवर नदीत फेझंट म्हणून एक चिमुकलं बेट आहे, ते सहा महिने एका देशाकडे असतं, सहा महिने दुसऱ्याकडे, आणि हे अजूनही चालू आहे. हक्क सुटे करता येतात का बघा, कारण मालकी, वापर, नाव, उत्पन्न, नकाराचा अधिकार या वेगवेगळ्या गोष्टी असतात आणि भांडणात आपण त्यांची एकच मोट बांधून ओढत असतो. 1978 मध्ये सिनाईच्या वाळवंटावरून इजिप्त आणि इस्रायलचं असंच अडलं होतं, नकाशावर कुठेही रेघ मारा, कोणीतरी नाराज. पण इजिप्तला आपली जमीन पूर्ण परत हवी होती आणि इस्रायलला सीमेला चिकटून रणगाडे नको होते, मग जमीन सगळी इजिप्तची आणि त्यातल्या मोठ्या पट्ट्यात सैन्यावर मर्यादा, असं जमलं.

तिसरं म्हणजे पुढचं भाकीत. एक म्हणतो काम मार्चपर्यंत होणार, दुसरा म्हणतो शक्यच नाही, आणि दोघं एकमेकांना पटवत बसतात. कशाला पटवायचं? झालं तर एवढे पैसे, नाही झालं तर एवढे कमी, असं लिहून टाका. ज्याला स्वतःच्या शब्दाची खात्री आहे तो सही करेल, आणि जो सही करायला कचरला त्याने न बोलता बरंच काही सांगितलं! वस्तूंच्या वाटणीत एकाने दोन वाटे करायचे आणि दुसऱ्याने आधी उचलायचं हा जुना उपाय आहेच, तो मोठ्या माणसांनाही चालतो.

आता तुमच्या त्या झकास आयडियाकडे येऊ. तुम्हाला ती सुचणारच, आणि बाहेरून बघणाऱ्याला सगळंच सोपं दिसत असल्यामुळे ती चांगलीही असेल. पण ती सुचली की तुमचं ऐकणं बंद होतं, तुमचे प्रश्न हळूहळू त्या आयडियाच्या दिशेने ढकलायला लागतात आणि समोरच्यांना ते बरोबर कळतं. ती एकाला आवडली आणि दुसऱ्याला नाही, की त्या क्षणी तुम्ही पहिल्याचे झालात. आणि दोघांनी मानली तरी पुढे काही बिनसलं की "ते तुम्हीच सांगितलं होतं" हे ऐकायची तयारी ठेवा.

प्रस्ताव कोणाच्या तोंडून आला यावर त्याची किंमत ठरते हे तर प्रयोग करून बघितलेलं आहे. ली रॉस या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत शीतयुद्धाच्या काळात लोकांना अण्वस्त्रकपातीचा एक प्रस्ताव दाखवला. तो त्यांचेच राष्ट्राध्यक्ष रेगन यांचा म्हणून सांगितला तर बहुतेकांना पटला, आणि शब्दही न बदलता सोव्हिएत नेते गोर्बाचेव्ह यांचा म्हणून सांगितला तर निम्म्याहून कमी लोकांना पटला. म्हणजे पार्टनरच्या तोंडून आलेली चांगली गोष्टसुद्धा निव्वळ त्याच्या तोंडून आली म्हणून पडते. इथे मध्यस्थाने डोकं चालवायचं. प्रस्तावाचं नाव-गाव काढून टाकायचं, "समजा कोणी असं म्हणालं तर" म्हणून हवेत सोडायचा. किंवा एकच मसुदा ठेवायचा. सिनाईची ती बोलणी अमेरिकन राष्ट्राध्यक्षांच्या कॅम्प डेव्हिड या विश्रामस्थानी तेरा दिवस चालली होती, इस्रायलचे पंतप्रधान बेगिन आणि इजिप्तचे राष्ट्राध्यक्ष सादात सुरुवातीच्या दिवसांनंतर समोरासमोर जवळजवळ बसलेच नाहीत, अमेरिकन लोक स्वतःचा एक मसुदा घेऊन या कॉटेजमधून त्या कॉटेजमध्ये फिरत होते आणि तो बदलत होते, वीसच्या वर मसुदे झाले म्हणतात. यात खुबी अशी की "मान्य आहे का" हे कोणालाच विचारायचं नसतं, "यात काय खटकतंय" एवढंच विचारायचं. खटकतंय ते सांगायला लोक एका पायावर तयार असतात, आणि ते सांगता सांगता मसुदा त्यांचा होऊन जातो.

आणि तरीही तुमची आयडिया पोटात राहतच नसेल तर त्यांची यादी पूर्ण संपू द्या, मग ती एकटी न टाकता अजून दोन ऑप्शनबरोबर टाका, तिचा कच्चा दुवा तुम्हीच आधी सांगून. अगदीच शेवटची पायरी म्हणजे चिठ्ठी. दोघांना तोच प्रस्ताव द्या, दोघांनी गुपचूप हो किंवा नाही लिहून तुमच्याकडे द्यायचं, दोन्ही हो असतील तरच जाहीर करायचं, एक जरी नाही असेल तर फक्त "जमलं नाही" एवढंच सांगायचं. म्हणजे हो म्हणणाऱ्याची बाजू उघडी पडत नाही.

रागाचं काय करायचं? फार काही नाही, पहिला उकळा येऊन जाऊ द्या. शब्दाने शब्द वाढायला लागला की मध्ये या आणि तीच गोष्ट दुसऱ्या शब्दांत मांडा. "हा चोर आहे" याचं "हिशोब तुम्हाला दिसत नाहीत याचा त्रास होतोय" असं करा आणि लगेच विचारा, बरोबर बोलले का मी? हे विचारणं महत्त्वाचं, कारण काही मध्यस्थ इतकं गुळगुळीत करून बोलतात की माणूस अजून भडकतो, त्याला वाटतं माझा राग पण याने धुऊन टाकला. तो म्हणाला "नाही, मी चोरच म्हणालो", तर ठीक आहे, म्हणा की हो, तुम्हाला फसवलं गेल्यासारखं वाटतंय, आणि पुढे चला. बोलणं पूर्ण ठप्प झालं तर ब्रेक घ्या, सोपा मुद्दा आधी घ्या, किंवा वेगवेगळं बसवून विचारा की आज काहीच ठरलं नाही तर सोमवारी सकाळी तुम्ही नेमकं काय करणार. कोर्टात जाणार? ठीक, कोणाकडे, किती खर्च, किती वर्षं? धमकी म्हणून नाही विचारायचं, खरंच वही-पेन घेऊन हिशोब मांडायचा. कधीकधी हिशोबात कोर्टच बरं निघतं, मग तसं सांगायचं.

आणि एका ठिकाणी हे सगळं गुंडाळून ठेवायचं. दोघांतला एक दुसऱ्याला घाबरत असेल, मारहाण असेल, धमक्या असतील, तर समोरासमोर बसवून समेट करायचा नसतो, कारण घाबरलेला माणूस कशालाही हो म्हणतो. पहिल्या वेगळ्या भेटीत "त्यांच्यासमोर मोकळं बोलता येईल ना?" हे विचारायचंच, आणि उत्तरापेक्षा उत्तर द्यायला लागलेला वेळ बघायचा.

जमलं तर तिथेच लिहून घ्या, उद्यावर टाकू नका, रात्रीत दोघांनाही चार सल्लागार भेटतात. "योग्य वेळी", "शक्य तितक्या लवकर", "सामंजस्याने" असले शब्द दिसले की खोडा. कोण, काय, किती, कोणत्या तारखेपर्यंत, आणि नाही केलं तर काय, एवढं प्रत्येक ओळीत हवं. स्टुडिओच्या केसमध्ये "तो कर्जाचं बघेल" ही ओळ नाही चालणार, बँकेत अर्ज कोण नेणार, कधी, बँकेने नाही म्हटलं तर नावाचं काय, हे सगळं यायला हवं, आणि याच ओळीवर परत अर्धा तास भांडण होईल, होऊ द्या. मग कागद मोठ्याने वाचायला लावा, पण त्याने तिच्या जबाबदाऱ्या वाचायच्या आणि तिने त्याच्या. वाचताना जिथे कोणी अडखळलं ती ओळ सहीच्या आधी परत उघडा.